चेकरबाईंनी पास विचारला नाही

भाची : आत्या, ते पेन आधी खाली ठेव.

आत्या : अगं, सही नाही करत. चालतंय का बघतेय. चार वाजता तो यायचा आणि ऐन वेळी पेन उठलं नाही तर बरं दिसेल का?

भाची : पेन चालतंय का ते चेकवर बघतेस? चौदा लाखांच्या चेकवर?

आत्या : कोपऱ्यात! एक बारीकशी रेघ मारली फक्त.

भाची : दे इकडे. आणि हे काय? चेक त्या सल्लागाराच्याच नावाचा?

आत्या : मग काय तुझ्या नावाचा काढू? पैसे गुंतवणार तो, सल्ला देणार तो.

भाची : डॉक्टर औषध लिहून देतात, तेव्हा औषधाचे पैसे कुणाला देतेस? डॉक्टरांना, की दुकानात मला?

आत्या : तुला कुठं देते? तू कधी घेतेस का!

भाची : अगं, मुद्दा समजून घे ना! सल्लागारानं सल्ला द्यायचा, त्याची ठरलेली फी घ्यायची, पावती द्यायची. बस्स. गुंतवायचे पैसे तुझ्या खात्यातून थेट योजनेत जातात, तुझ्या नावानं. वाटेत त्याच्या खिशात उतरत नाहीत.

आत्या : तुम्हा औषधवाल्यांना जिथं तिथं एक्स्पायरी दिसते. गुणी मुलगा आहे तो. तीन आठवड्यांत माझा गळका नळ दुरुस्त केला, पंख्याची कुरकुर घालवली, कुकरची शिट्टी बसवून दिली. तुझ्या बापाला त्या नळाचं मी तीन वर्षं सांगत होते.

भाची : गुंतवणूक सल्लागार नळ कशाला दुरुस्त करतो?

आत्या : माणुसकी म्हणून! तुम्हाला नाही कळायचं.

भाची : बाबा तुझा नळ का दुरुस्त करत नाहीत, ते मला चांगलं कळतं. तू त्यांना भर बसमध्ये दंड केला होतास.

आत्या : बिनतिकीट होता तो!

भाची : कंडक्टर पोचलाच नव्हता त्यांच्यापर्यंत.

आत्या : दोन स्टॉप मागे गेले होते. उठून तिकीट घ्यायला पाय नव्हते का? सख्खा भाऊ म्हणून सोडला असता, तर मागच्या सीटवरच्या माणसाला कुठल्या तोंडानं विचारलं असतं?

भाची : दोन वर्षं बोलत नव्हते ते तुझ्याशी. मी झाले, तू दवाखान्यात बघायला आलीस, तेव्हा पहिलं वाक्य बोलले.

आत्या : तेही काय, तर "मुलीचं अर्धं तिकीट काढू का?" बोचरा माणूस तुझा बाप.

भाची : ते जाऊ दे. एकतीस वर्षं तू लोकांचे पास तपासलेस. शाळेतली पोरं तुला बघून खिसे चाचपायची. आणि ह्या माणसाला एकदा तरी विचारलंस का, की बाबा रे, तू सल्लागार आहेस, तर तुझी नोंदणी कुठंय?

आत्या : त्याला कसं विचारणार? तो स्टाफ आहे.

भाची : कसला स्टाफ?

आत्या : अगं, म्हणजे आपला. आमच्यात पद्धत असते. बसमध्ये तपासणीला चढलं की कुणी तरी नुसतं "स्टाफ" म्हणायचं. साध्या कपड्यातला असो, सुट्टीवरचा असो. तेवढा शब्द आला की आम्ही पुढं सरकायचो. त्याच्याकडं पुन्हा पास मागणं म्हणजे चार लोकांत त्याचा अपमान.

भाची : आणि ह्यानं तो शब्द म्हटला?

आत्या : दारातच. मी दार उघडलं, तर हा नमस्कार करून म्हणाला, "मावशी, उस्तादांनी पाठवलंय. स्टाफच समजा." उस्ताद म्हणजे आमचे ड्रायव्हर. एकोणीस वर्षं त्यांच्या बसमध्ये मी डोळे मिटून चढले. त्यांनी माणूस पाठवला आणि मी त्याला दारात उभा करून कागद मागू?

भाची : मग उस्तादांना फोन करून विचार ना, की खरंच पाठवला का.

आत्या : शोभेल का ते? पैशाचं आम्ही एकमेकांना विचारत नाही. आणि त्यांनी पाठवला नसता, तर ह्याला उस्ताद हा शब्द तरी कसा कळला असता? डेपोबाहेर त्यांना कुणी उस्ताद म्हणत नाही.

भाची : बरं. त्याचं कार्ड आहे का?

आत्या : आहे तर! फडताळात डबीत ठेवलंय. हे बघ. सोनेरी अक्षरं आहेत. आणि खाली नोंदणी क्रमांकसुद्धा छापलाय, बघ. आता बोल.

भाची : छान. क्रमांक आहे म्हणजे तपासता येईल. नोंदलेल्या सल्लागारांची यादी सरकारी साइटवर असते. कुणालाही बघता येते, फुकट. तो तुझा हक्क आहे.

आत्या : हक्क कसले सांगतेस मला. ड्रायव्हरच्या पाठीमागं पाटी असायची, "प्रवाशांचे हक्क". आख्ख्या बसमध्ये ती मी एकटीनं वाचलीय. तोंडपाठ आहे. मागितल्यास तक्रारवही देणे बंधनकारक आहे.

भाची : तसेच हे. नोंदणी विचारायचा हक्क, फी किती ते आधी लेखी मागायचा, करार वाचायला घरी ठेवून घ्यायचा, आणि फसवलं तर तक्रार करायचा. थांब, क्रमांक टाकतेय... आला.

आत्या : बघ! आला ना! उगीच माणसाच्या नावानं शंख.

भाची : क्रमांक खरा आहे.

आत्या : मी तेच म्हणत होते.

भाची : पण आत्या, हा एका बाईंच्या नावावर आहे.

आत्या : बाईंच्या?

भाची : हो. फोटोही आहे. गोल चेहरा, चष्मा, बॉबकट. तुझा सल्लागार असा दिसतो का?

आत्या : त्याला मिशा आहेत.

भाची : आणि खाली लिहिलंय, नोंदणी परत केली, दोन वर्षांपूर्वी. म्हणजे आता त्या बाईंनाही सल्ला देता येत नाही.

आत्या : थांब. घाई करू नकोस, मला नीट बोलू दे. म्हणजे पास दुसऱ्याचा.

भाची : हो.

आत्या : तोही बायकांचा.

भाची : हो.

आत्या : आणि तारीख उलटलेला.

भाची : दोन वर्षं.

आत्या : एकतीस वर्षांत असा एकच सापडला होता मला. सासूच्या पासावर फिरणारा जावई. पासावर म्हातारीचा फोटो, आणि हा म्हणतो, "आजारपणात माझा चेहरा बदलला." पण त्याच्याही पासाची तारीख चालू होती गं!

भाची : यादीत बाईंचा फोन नंबर दिलाय. त्यांनाच विचारते.

आत्या : कार्डावरही आहे की नंबर.

भाची : कार्डावरचा नंबर ह्यानं छापलाय. तो उचलणारा ह्याचाच कुणी तरी असेल. यादीतला लावायचा... हॅलो, नमस्कार मॅडम. तुम्ही गुंतवणूक सल्लागार होतात ना? हो, होतात म्हणाले, आहात नाही म्हणाले... अच्छा, सोडलं... काय शिकवता? पोहायला? वा... नाही, मला नाही यायचं पोहायला. मॅडम, एक मिशीवाले गृहस्थ तुमच्या क्रमांकावर काम करताहेत... उंच, हो... बोलायला गोड, हो... प्रिंटर?... भिंतीवर फ्रेम होती होय... बरं. तुम्ही स्वतः तक्रार करणार? मीही करतेच. थँक्यू मॅडम.

आत्या : काय म्हणाली?

भाची : हा त्यांच्या ऑफिसात प्रिंटर दुरुस्त करायला यायचा. नोंदणीचं प्रमाणपत्र प्रिंटरच्या वरच टांगलेलं होतं.

आत्या : तरीच हात इतका चांगला आहे.

भाची : आत्या!

आत्या : रागावू नकोस. मला कसं नाही कळलं गं? नुसत्या बसण्यावरून मी बिनतिकीट माणूस ओळखायचे. खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून बघतो तो. हा तीन आठवडे माझ्या समोर बसून चहा पितोय.

भाची : खिडकीकडं बघत असेल.

आत्या : नळाकडं बघत होता. मला वाटलं, कामसू आहे.

भाची : त्यानं सांगितलं तरी काय होतं तुला?

आत्या : चौदाचे दोन वर्षांत अठ्ठावीस. हमी. ते तळमजल्यावरचं घर आहे ना, कोपऱ्यातलं, त्याला वीस सांगताहेत. माझे गुडघे आता तीन जिने चढत नाहीत. परवा भाजी घेऊन मधल्या वळणावर वीस मिनिटं बसले होते, शेजारचा कुत्रा येऊन वास घेऊन गेला. मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या बापाकडं मागायचं नव्हतं मला. दंड केलाय ना त्याला.

भाची : अगं, वेडी आहेस का तू? आणि एक लक्षात ठेव, दुप्पट करून देण्याची हमी खरा सल्लागार कधी देत नाही. जो हमी देतो त्याला तिथंच ओळखायचं.

आत्या : म्हणजे खिडकीबाहेर बघणं ते हेच.

भाची : हेच. घराचं आपण बाबांशी बोलू. ते कुरकुरतील, पण देतील.

आत्या : आधी मला टोमणा मारेल.

भाची : मारू दे. चार वाजले. दार उघडू नकोस, मी सांगते त्याला परत जायला.

आत्या : मुळीच नाही. चढू दे त्याला. चढल्याशिवाय तपासता येत नाही.

(बेल वाजते. आत्या उठून कपाटातला जुना चौकोनी चष्मा काढते, जो निवृत्तीच्या दिवसानंतर तिनं एकदाही लावला नव्हता, आणि पाठ ताठ करून दार उघडते.)

सल्लागार : नमस्कार मावशी! अरे वा, नवीन चष्मा? आणि ह्या ताई कोण?

आत्या : ही माझी भाची, औषधांच्या दुकानात असते. आत या. बसा आपण.

सल्लागार : "आपण"? मावशी, मला कधीपासून आपण म्हणायला लागलात? मी तुमचा मुलगाच की. हे बघा, बाथरूमच्या नळाचा वॉशर आठवणीनं आणलाय.

आत्या : ठेवा तिथं. चहा घ्या.

सल्लागार : घेतो ना! ताई, तुमच्या आत्याबाई म्हणजे दूरदृष्टीचं व्यक्तिमत्त्व. आज आपण त्यांच्या स्वप्नांचा पाया घालतोय. मी नेहमी म्हणतो, पैशाला झोपू देऊ नका, त्याला कामाला लावा. तर मावशी, तो चेक...

आत्या : पास बघू.

सल्लागार : काय?

आत्या : पास. सल्ला देण्याचा परवाना असतो ना आपला, नोंदणी. ती बघू.

सल्लागार : हां हां, ती! कार्डावर आहेच की क्रमांक. सोनेरी अक्षरात.

आत्या : तो बघितला. त्यावर बाई आहे. आपण बाई आहात का?

सल्लागार : ते... म्हणजे त्या आमच्या सीनियर मॅडम. मी त्यांचा सहकारी. आमच्या क्षेत्रात एका नोंदणीवर टीम काम करते, मावशी. तांत्रिक गोष्ट आहे जरा.

आत्या : एका पासावर किती जणांनी प्रवास करायचा?

सल्लागार : तसं नव्हे...

आत्या : आणि तारीख? दोन वर्षांपूर्वीच उलटलीय.

सल्लागार : नूतनीकरण चाललंय. कागद टेबलावर आहे त्यांच्या.

भाची : कुठल्या टेबलावर? त्या तर तरणतलावावर असतात. मी आत्ताच बोलले त्यांच्याशी. तुमची आठवण काढली. म्हणाल्या, प्रिंटर अजून कागद अडकवतो.

सल्लागार : रोलर बदलायला सांगितला होता मी. स्वस्तातला घातला त्यांनी.

आत्या : खरं बोललात. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

सल्लागार : मावशी, मी काही चोर नाही हो. मी पैसे खरंच वाढवून देणार होतो. माझा एक मित्र आहे, त्याची एक योजना...

आत्या : त्या मित्राचा पास आहे का?

सल्लागार : नाही.

भाची : तुम्हाला आत्याबद्दल कळलं कसं? आणि उस्ताद हे नाव?

सल्लागार : डेपोत...

भाची : डेपोचाही प्रिंटर?

सल्लागार : झेरॉक्स मशीन. निवृत्त लोकांची यादी काढत होते तेव्हा काच पुसायला मला बोलावलं. पत्ता, फोन, फंड किती मिळाला, सगळं त्यात होतं. आणि तिथं चहा पिताना माणसं बोलत असतात. उस्तादांनी असं केलं, चेकरबाईंनी भावाला दंड केला. बसल्या बसल्या ऐकलं मी.

आत्या : सगळं ऐकलंत, आणि तरी माझ्याच घरी आलात! भावाला दंड केल्याचं ऐकून तरी भीती वाटायला हवी होती.

सल्लागार : वाटली होती. पहिल्या दिवशी जिन्यात दोनदा परत फिरलो. मग "स्टाफ" म्हटलं, आणि तुम्ही चहा टाकलात.

आत्या : चहा प्या तो, गार होतोय. चहाला दंड नाही.

सल्लागार : मावशी, हे इथंच मिटवूया ना. मी पुन्हा येत नाही. कार्डं फाडून टाकतो. माझीही घरी दोन लेकरं आहेत.

आत्या : जावयालाही दोन होती. तक्रार जाणार. ह्या पोरीनं फॉर्म उघडून ठेवलाय, तुमच्यासमोर भरेल. आत्तापर्यंत कुणाकुणाकडून चेक घेतलेत?

सल्लागार : कुणाकडून नाही. शपथेवर सांगतो. तुमचा पहिलाच. उद्या एक होता.

आत्या : कुणाचा?

सल्लागार : तो रद्दच समजा, मावशी.

आत्या : असू दे. ह्या वॉशरचे किती झाले?

सल्लागार : राहू द्या हो मावशी.

आत्या : राहू द्या नाही. मी फुकट कुणाचं घेत नाही. हे घ्या, आणि पावती द्या.

सल्लागार : वॉशरची पावती?

आत्या : पाठकोऱ्या कागदावर लिहा. खरं नाव, खरा पत्ता, "नळाचा वॉशर एक". सही. हां. बघ गं, अक्षर किती सुबक आहे. अहो, ह्याच हातांवर पोट भरलं असतं की तुमचं! ह्या इमारतीत चोवीस नळ गळताहेत, आणि तुम्हाला काय सुचलं, तर सोनेरी कार्ड.

सल्लागार : नळाचं काम करणाऱ्याला कुणी बैठकीच्या खोलीत बसवत नाही, मावशी.

आत्या : मी बसवलं असतं. निघा आता. उतरताना मधल्या वळणावर जपून, तिथं दिवा नाही.

भाची : गेला. तू त्याला जिना सांभाळायला सांगितलंस?

आत्या : मी दंड करायचे, धावत्या बसमधून ढकलून देत नव्हते. फोन आण माझा. स्पीकरवर टाक, मला नीट ऐकू येत नाही आणि उस्तादांना तर मुळीच येत नाही.

भाची : लागला, बोल.

उस्ताद : कोण? चेकरबाई? बोला, बोला! गुडघे काय म्हणतात?

आत्या : गुडघे मरू देत. उस्ताद, तो सल्लागार तुम्ही माझ्याकडं खरंच पाठवला होतात का?

उस्ताद : मी? मी कुठं पाठवला? तोच माझ्याकडं आला तुमचं नाव घेऊन. दारात उभा राहून म्हणाला, "चेकरबाईंनी पाठवलंय, स्टाफच समजा."

आत्या : मी पाठवलं म्हणाला?

उस्ताद : हो ना. बाकी पोरगा झकास आहे हं. माझ्या दाराची कडी बसवून दिली. उद्या अकराला येतोय. बायकोच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन आहे पुढच्या वर्षी, त्यासाठी ठेवलेले सगळे देऊन टाकतोय त्याला. आमचा थोरला कटकट करत होता, नोंदणी बघा, कागद बघा. मी त्याला गप्प केला.

आत्या : काय सांगितलंत त्याला?

उस्ताद : म्हटलं, अरे, चेकरबाईंनी पाठवलेला माणूस आहे. त्या बाईनं सख्ख्या भावाला सोडला नाही, ती ह्याला बिनपासाचा सोडेल का? त्यांनी बघितलं म्हणजे मी बघायची गरज नाही.

भाची : आत्या, सांग त्यांना.

आत्या : उस्ताद, उद्या त्याला चेक देऊ नका.

उस्ताद : का हो? तपासलाय ना तुम्ही त्याला?

आत्या : हो. तपासला. आज तपासला.